सरळ जा, पुढे पाणी आहे

परवा माळा आवरताना बुटांच्या खोक्यात एक पिवळं यंत्र सापडलं. साबणाच्या वडीपेक्षा जरासं मोठं, कोपऱ्यावरचं रबर उचकटलेलं, मागे दोन पेन्सिल सेलची जागा. सेल घातले आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. बराच वेळ त्याला आकाशात काही सापडेना. मी चहा करून आलो तोवर पडद्यावर चार-पाच काळे दांडे उभे राहिले होते आणि बाईसाहेब म्हणाल्या (यंत्राला मी पहिल्यापासून बाईसाहेबच म्हणतो) की तुम्ही तुमच्याच गॅलरीत आहात. मग सवयीने साठवलेल्या खुणांची यादी उघडली. पस्तीस-चाळीस खुणा होत्या, बहुतेक पेट्रोल पंप आणि ढाबे. एकीचं नाव नुसतं 'गाव' होतं.

त्या खुणेवर आज चांगलं ऐंशी-नव्वद फूट पाणी असतं.

तिची गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी बाईसाहेबांचं घराणं सांगायला हवं. मोटारसायकलवर लांबचा प्रवास करणाऱ्यांपैकी माझी पिढी जरा विचित्र जागी सापडली. आम्ही मैलाचे दगड मोजत गाडी चालवायला शिकलो आणि आता हेल्मेटमध्ये कुणीतरी कानात सांगतं तिकडे वळतो. मधली सगळी स्थित्यंतरं आमच्या हँडलवर होऊन गेली.

पहिला लांबचा पल्ला मारला १९९४ साली, मुंबई ते गोवा, एका मित्राच्या येझदीवर. दिशादर्शक म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर सेलोटेपने चिकटवलेला वहीचा कागद. त्यावर नावांची ओळ: पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, पुढे कशेडी घाट आणि खेड. एक गाव आलं की नजर पुढच्या नावावर. कोलाडला पाऊस आला आणि शाई पसरून माणगावपासून चिपळूणपर्यंतचा सगळा मुलूख निळा झाला. तरी पोहोचलो, कारण दगड होते. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्ग. पिवळा दिसत असेपर्यंत घाबरायचं कारण नाही, हे त्या मित्राच्या वडिलांनी निघताना सांगितलं होतं. दगड नसेल तिथे पानवाला. पानवाल्याला विचारायचीही पद्धत असते. "हा रस्ता खेडला जातो का?" असं विचारायचं नाही, कारण सभ्य माणूस नाही कसा म्हणेल? "खेडला कुठून जायचं?" असं विचारायचं. आणि एकाला विचारून भागत नाही, तीन जणांना विचारायचं. तीन हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टाकीवरच्या त्या कागदाचं मला फार कौतुक वाटायचं, पण तो शोध माझा नव्हता. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये मनगटावर बांधायचं एक यंत्र निघालं होतं. दिसायला घड्याळ, पण आत काट्यांऐवजी गुंडाळलेल्या नकाशाची छोटीशी सुरळी. पुढे जाल तशी बोटाने सुरळी फिरवायची. पुढच्या दशकात इटलीत मोटारीच्या डॅशबोर्डवर बसणारी सुरळी आली, ती चाकाच्या वेगाशी जोडलेली असल्याने आपोआप सरकायची. वळण चुकलं की सुरळी आपल्या वाटेने आणि गाडी आपल्या वाटेने! हीच सुरळी मोटारसायकलच्या हँडलवर अगदी अलीकडेपर्यंत टिकली ती रॅलीत. १९७७ साली अबिजान ते नीस रॅलीत थिएरी साबीन नावाचा फ्रेंच स्वार सहारा वाळवंटात मोटारसायकलसकट हरवला. बऱ्याच हालानंतर वाचला, आणि शहाण्या माणसाने घरी बसायचं तर याने दुसऱ्याच वर्षी पॅरिस-डाकार रॅली काढली. डाकारच्या स्वारांना वाट दाखवते ती रोडबुक, म्हणजे 'इतक्या किलोमीटरवर खडक, तिथे डावीकडे' अशी खुणांची यादी. जीपीएस तिथे आहे, पण ते सगळी वाट उलगडून दाखवत नाही. वाट शोधणं हाच खेळ आहे.

आता वर आकाशात काय चाललं होतं ते बघू.

४ ऑक्टोबर १९५७ला रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोन तरुण संशोधक त्याची बीप-बीप ऐकत बसले. रेल्वेची शिट्टी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरती लागते, तसाच स्पुटनिकचा स्वर बदलत होता. त्या चढउतारावरून त्यांनी तो नेमका कुठे आहे हे काढलं. काही महिन्यांनी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला. उपग्रह कुठे आहे ते ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? मला वाटतं या सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर क्षण हा आहे. कुठलंही नवं यंत्र नाही, फक्त प्रश्न उलटा. अर्थात त्यांच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवाले नव्हते, अणुक्षेपणास्त्रं घेऊन समुद्रात फिरणाऱ्या पाणबुड्या होत्या. त्यातून 'ट्रान्झिट' ही यंत्रणा निघाली आणि १९६४मध्ये नौदलाच्या वापरात आली. उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबायचं, तो जात असताना दहा-पंधरा मिनिटं ऐकायचं, मग हिशोब करायचा. पाणबुडीला वेळ असतो. मुंबई-गोवा मार्गावर असं थांबलो असतो तर मागून येणाऱ्या एसटीने कायमचा ठिकाणा दाखवला असता.

जीपीएसची आखणी झाली १९७३मध्ये, ब्रॅडफर्ड पार्किन्सन या हवाई दलातल्या कर्नलच्या हाताखाली, पेंटागॉनमध्ये सुट्टीच्या दिवसांत भरलेल्या एका बैठकीत. पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ला गेला. यातली कल्पना वेगळी होती. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एवढंच सांगतात की 'मी अमुक, या क्षणी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत'. आपलं यंत्र बघतं की हा निरोप यायला किती वेळ लागला. प्रकाश एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जातो, त्यावरून अंतर निघतं. अशा तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा सापडते. मग चौथा कशाला लागतो? तर आपल्या हातातल्या यंत्राचं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक काढायला. म्हणजे तीन पानवाले रस्ता सांगायला, आणि चौथा तुमचं घड्याळ किती मागे आहे ते सांगायला.

यात आइनस्टाइन कसा येतो तेही सांगतो, कारण दर वेळी कुणाला तरी खोटं वाटतं. उपग्रह वेगात आहेत म्हणून त्यांची घड्याळं दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. गोळाबेरीज ३८ पुढे. याची दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात साधारण अकरा किलोमीटरची चूक साचेल. म्हणजे सकाळी पनवेलला असलेला माणूस रात्री स्वतःला भलत्याच गावात बघेल. सापेक्षतावाद शाळेत कळला नव्हता, तो असा हँडलवर येऊन बसला.

गंमत म्हणजे मोटारीत नकाशा जीपीएसच्या आधीच आला होता. होंडाने १९८१मध्ये एक यंत्र काढलं. त्यात वायूच्या झोतावर चालणारं दिशामापक होतं आणि पडद्यावर पारदर्शक नकाशाचे कागद सरकवायचे. १९८५मध्ये कॅलिफोर्नियात 'ईटॅक' आलं, त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर! गाण्यांच्या कॅसेटसारखीच कॅसेट. चाकं किती फिरली, होकायंत्र काय म्हणतं, यावरून ते अंदाज बांधायचं आणि रस्त्याच्या वळणाशी अंदाज जुळवून घ्यायचं. ईटॅक हा शब्द प्रशांत महासागरातल्या होडीवाल्यांचा आहे. आपण स्थिर आहोत आणि बेटं आपल्याजवळून सरकतायत, असं मानून ते वाट काढत. आज फोनवर बाण मध्ये स्थिर असतो आणि नकाशा खाली सरकतो. तेच हे.

१ सप्टेंबर १९८३ला कोरियाचं एक प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुलं राहील असं जाहीर केलं. पण खुलं म्हणजे अर्धंच. नागरी संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळलेला असायचा, त्यामुळे शंभर मीटरपर्यंतची चूक ठरलेलीच. घाटात शंभर मीटर म्हणजे एक तर कडा नाहीतर दरी. आणि १९९१च्या आखाती युद्धात त्यांच्याच सैन्याला लष्करी यंत्रं पुरेनात, सैनिकांकडे नागरी यंत्रं आली, तेव्हा हा गोंधळ काही काळ त्यांनाच बंद करावा लागला! २४ उपग्रहांची माळ १९९५मध्ये पूर्ण झाली आणि १ मे २०००च्या मध्यरात्री क्लिंटन यांच्या आदेशाने तो गोंधळ कायमचा बंद झाला. एका रात्रीत जगातलं प्रत्येक नागरी यंत्र जिथल्या तिथे पाच-दहापट नेमकं झालं. महाराष्ट्र दिन आम्हाला असाही पावला.

आमच्या बाईसाहेब २००१मध्ये मामेभावाच्या बॅगेतून आल्या. गार्मिनचं पिवळं ईट्रेक्स. नकाशा नाहीच. एक बाण, एक अंतर, आणि आपण चाललो त्याची काळी रेघ. "एवढे डॉलर घालून बाण?" बाबा म्हणाले होते. पण २००३मध्ये मनालीहून लेहला गेलो तेव्हा त्या बाणाने फार धीर दिला. तांडीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. अशा वेळी किती आलो, किती उरलं, कुठल्या वेगाने, हे तीन आकडे पुरतात. नकाशा काय करायचाय, रस्ता एकच तर आहे. खारदुंग ला खिंडीत मात्र बाईसाहेबांनी आमच्या कंपूत भांडण लावलं. तिथली पाटी सांगत होती १८,३८० फूट, जगातला सर्वात उंच गाडीरस्ता. बाई सांगत होत्या साडेसतरा हजारांच्या आसपास. एका मित्राने आधीच तो आकडा छापलेला टी-शर्ट विकत घेतला होता, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. खिंडीची उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट आहे हे पुढे नीट मोजणी झाल्याचं वाचनात आल्यावर मी त्याला फोन केला. त्याने टी-शर्ट अजून टाकलेला नाही.

इथे एक सांगून ठेवतो, कारण पुतणेमंडळी आजही विचारतात. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. यंत्र नुसतं ऐकतं, बोलत काहीच नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. रेंज नसताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो एवढंच, कारण उपग्रह आपली माहिती फार सावकाश, सेकंदाला ५० बिट अशा वेगाने सांगतो. तेव्हा नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि निघण्याआधी दोन मिनिटं मोकळ्या आकाशाखाली उभे राहा. आणि लडाखला जाताना बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड नेऊ नका, तिथे ते चालत नाही.

आता त्या खुणेकडे येतो.

२००९चा ऑक्टोबर. तोपर्यंत आपल्याकडे बोलणारी यंत्रं आली होती, मोटारीच्या काचेला चिकटवायची. मोटारसायकलसाठी वेगळी, पाण्यात भिजणारी, हातमोजे घालून दाबता येणारी यंत्रं परदेशात मिळायची, पण त्या किमतीत इथे जुनी गाडी आली असती. म्हणून मी मोटारीचंच एक घेतलं, कंपनीचं नाव जाऊ दे, पारदर्शक पिशवीत घालून टाकीवर बांधलं, आणि बायकोला मागे बसवून सातारा, कास करत बामणोलीकडे निघालो. मुक्काम तापोळ्याला ठरला होता. कासवर फुलं संपत आली होती, उशीर झाला, बामणोलीच्या अलीकडे अंधारून आलं आणि रिमझिम लागली. यंत्र म्हणालं, सरळ जा. उतार लागला. पुन्हा म्हणालं, सरळ जा, तीन किलोमीटर. पडद्यावर छान जांभळी रेघ होती. मी पडद्याकडे बघत होतो. बायको समोर बघत होती.

"अरे पाणी!" ती ओरडली तेव्हा मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. शेवाळलेला उतार, पुढचं चाक सुटलं, गाडी डाव्या अंगावर पडून घसरत गेली आणि पुढचं चाक पाण्यात जाऊन थांबली. माझा पाय खाली. बायको बाजूला फेकली गेली होती, कोपर सोलवटलं, बाकी सुखरूप. लाँचवाले दोघं-तिघं धावत आले, गाडी उचलली. पिशवीतलं यंत्र अजून शाबूत होतं आणि शांतपणे म्हणत होतं, सरळ जा. त्यातल्या एका म्हाताऱ्याने वाकून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरूबर हाय की. रस्ता त्योच हुता. आता पाण्याखाली गेलाय."

पायाला प्लास्टर लागलं, सहा आठवडे घरी. बायको त्यावर फार बोलली नाही, हे जास्त लागलं. रिकामपणी मी टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नेटवर ठेवलेला आपल्या भागाचा जुना नकाशा उतरवला. आपले बरेच ट्रेकर हे नकाशे वापरायचे. अमेरिकन लष्कराने १९५०च्या दशकात आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरून तयार केलेली मालिका, यू ५०२. कोयना धरण त्यानंतरचं. त्या कागदावर शिवसागर जलाशय नाहीच, नुसती नदी आणि दोन्ही काठांवर गावं. यंत्रातली जांभळी रेघ आणि त्यावरची बैलगाडीची वाट वळणासकट जुळत होत्या. उपग्रहांनी आम्हाला अगदी बरोबर सांगितलं होतं की आम्ही कुठे आहोत. रस्त्याबद्दल त्यांना कधीच काही ठाऊक नसतं. रस्ता कुणीतरी माणसाने काढलेला असतो, कधीतरी, कशावरून तरी.

तात्या बघायला आले होते. तात्या म्हणजे माझे थोरले काका. ब्लॉग वाचणाऱ्या नातेवाइकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आमचं गाव त्याच खोऱ्यातलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढलं तेव्हा तात्या अठरा-एकोणीस वर्षांचे. सरकारने रायगड जिल्ह्यात जमीन दिली, तात्या तिकडे गेले, बाबा मुंबईत माथाडीत लागले. आमच्या घरात गावाबद्दल कुणी बोलायचं नाही. बाबा तर 'आपलं गाव' म्हणून रायगडचंच नाव सांगायचे. मी पाय वर करून सगळी हकिकत रंगवून सांगितली, यंत्राला शिव्या घातल्या. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे तुझ्या त्या यंतराला आपलं गाव ठावं हाय?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. म्हटलं, "तात्या, त्याला नाही, पण नकाशावर आहे. जाता येईल तिथवर. वरून."

"वरून म्हंजे?"

"लाँचने."

जायला २०११चा जानेवारी उजाडला. नकाशावरून मी गावाचे अक्षांश-रेखांश काढले, जुन्या बाईसाहेबांमध्ये भरले, कारण बोलणाऱ्या यंत्रावरून मन उडालं होतं. बामणोलीहून लाँच केली. तात्या पांढरं धोतर, कोट, टोपी घालून पुढे बसले, लग्नाला निघाल्यासारखे. बाण दाखवत होता तिकडे लाँचवाला नेत होता. आठशे मीटर, चारशे, शंभर, वीस. "तात्या, हेच."

तात्यांनी आजूबाजूला पाहिलं, पाण्याकडे नाही, वर. वासोट्याकडे बघितलं, मग उलट्या बाजूच्या डोंगराच्या एका सोंडेकडे. "न्हाय. हितं न्हाय."

"अहो तात्या, यंत्र सांगतंय—"

"आरं, हितनं वासोट्याचा त्यो टेंबा त्या धारंच्या मागं जातो. आमच्या अंगणातनं त्यो उघडा दिसायचा. आनि ही सोंड अशी न्हवती, चिंचेच्या नेमावर यायची." मग लाँचवाल्याला म्हणाले, "जरा वर घ्या. अजून. अजून थोडं." लाँच वायव्येला सरकत गेली. एका जागी त्यांनी हात वर केला. इंजिन बंद झालं.

पन्नास वर्षं न पाहिलेल्या दोन डोंगरांच्या रेषा त्यांनी जुळवल्या होत्या. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली तेव्हा वेगळं काय केलं होतं? दोन ठिकाणांवरून तिसऱ्याची जागा काढायची. तात्यांचा तिसरा बिंदू त्यांचं अंगण होतं.

तात्या काठावरून वाकले, पाण्यात हात घातला आणि तसेच राहिले. रडले वगैरे नाहीत. थोड्या वेळाने एकदा म्हणाले, "विहीर गोड हुती." मी खूण साठवली. नाव टाकायला बटणं दाबत बसावं लागायचं, म्हणून दोनच अक्षरी: गाव.

घरी आल्यावर हिशोब घातला. मी भरलेली जागा आणि तात्यांची जागा यात जवळपास दोनशे मीटरचं अंतर होतं. कारण सापडायला महिना गेला. आपल्याकडचे जुने नकाशे एव्हरेस्टने १८३०मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढलेले. जीपीएस वापरतं तो आकार निराळा. एकाच जागेचे दोन हिशोबांत अक्षांश-रेखांश वेगळे येतात, आणि आमच्या भागात हा फरक निघतो शंभर-दीडशे मीटर, वायव्येच्याच अंगाला. यंत्रात याची सोय होती, मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. दुरुस्ती केल्यावर उरला साठेक मीटरचा फरक. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर, तेव्हा साठ मीटर म्हणजे माझ्या पेन्सिलीच्या टोकाची जाडी. मी तात्यांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुझं यंतर चुकलं न्हवतं?"

"नाही, मी चुकलो होतो."

"मग ठीक हाय," म्हणाले. यंत्राबद्दल त्यांना बरंच वाटत होतं म्हणायचं.

त्यानंतरचा इतिहास तुम्हा सगळ्यांच्या खिशात आहे, तेव्हा भरभर सांगतो. २००५च्या नकाशा धोरणाने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे जरा मोकळे केले, आणि फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी भारतीय कंपन्यांना नकाशे करायला परवानगीची गरजच जवळजवळ ठेवली नाही. गुगलच्या नकाशात डिसेंबर २०१७मध्ये खास आपल्याकडच्या दुचाकींसाठी वेगळा मार्ग आला. आपले स्वतःचे उपग्रह आले: पहिला जुलै २०१३मध्ये, सातवा एप्रिल २०१६मध्ये, आणि नाव मिळालं नाविक. आणि पहिल्याच उपग्रहातली आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली! घड्याळ गेलं म्हणजे उपग्रह आहे पण किती वाजले ते सांगता येत नाही, म्हणजे नसल्यासारखाच. त्याच्या जागी पाठवलेला ऑगस्ट २०१७मध्ये वरचं आवरण न उघडल्यामुळे आतच अडकून राहिला. २०२३च्या मे महिन्यात गेलेल्या उपग्रहात मात्र आपल्याकडे बनवलेलं अणुघड्याळ आहे. ती बातमी वाचून मला खरंच बरं वाटलं होतं.

कुठलं यंत्र घ्यावं असं विचारतात त्यांना माझं उत्तर सरळ आहे, तुमच्याकडे फोन आहे तोच पुरे. पण महागडा फोन हँडलवर लावू नका. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची आतली बारीक यंत्रणा बिघडू शकते, हे अ‍ॅपलने स्वतःच सप्टेंबर २०२१मध्ये सांगितलंय. जुना फोन लावा, थरथर शोषणारा माउंट घ्या, आणि चार्जरची वायर आधी पावसात उभी राहून तपासा. ओल्या पडद्यावर थेंब पडला की फोनला बोट वाटतं आणि तो आपल्याला भलत्याच गावी न्यायला लागतो. उन्हात तापून बंद पडतो ते वेगळंच. आवाज हेल्मेटमध्ये घ्या म्हणजे नजर रस्त्यावर राहते. मला तर रॉयल एनफील्डने २०२०पासून मीटरशेजारी द्यायला सुरुवात केली तो बाण दाखवणारा लहानसा गोल जास्त आवडतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं हाच त्याचा गुण. महिनाभराच्या, ओसाड मुलखातल्या प्रवासाला निघणार असाल तर वेगळं यंत्र घ्या, भिजलं, पडलं तरी चालतं. आणि परदेशी मित्रांचं बघून सॅटेलाईट फोन आणू नका, आपल्याकडे तो विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे.

आणि रेघ आधी घरी बसून बघा. कुठे नदी ओलांडते, कुठे धरण आहे, पूल आहे की नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघं गेले. पुलाचा एक भाग आधीच पुरात वाहून गेला होता, नकाशावर तो होता, आणि रस्त्यावर अडवणारं काही नव्हतं. ती बातमी वाचली त्या रात्री बायको म्हणाली, "आपलं नुसतं चाक पाण्यात गेलं होतं." पंधरा वर्षांत त्या संध्याकाळबद्दल ती पहिल्यांदा बोलली.

तात्या २०१६मध्ये गेले. बाबा त्याआधीच. आता त्या खोऱ्यातला वासोट्याचा टेंबा आणि चिंचेचा नेम जुळवणारं आमच्यात कुणी नाही.

लेकीने यंदा स्वतःच्या पैशाने गाडी घेतली आहे. खोकं उघडलं तेव्हा ती शेजारीच होती. "ही खूण मला पाठव ना," म्हणाली. बाईसाहेबांची वायर ज्या खाचेत बसायची ती खाच असलेला संगणक आता घरात कुठला असणार? शेवटी तिने पडद्यावरचे आकडे वाचले आणि मी तिच्या फोनमध्ये भरले, मग तिने सांगितलं की मी शेवटचे दोन आकडे उलटे घातलेत. ते दुरुस्त केले. मे महिन्यात पाणी बरंच उतरतं, तेव्हा जायचं ठरतंय. मी मागे बसणार आहे.